चोवीस अंश उत्तरेला

कारंगवारू
सोमवार लेगी, ७ मुलुद १३०३

मुरसिदला त्याचा थोरला भाऊ दुलगनी याचा सलाम.

अक्षर ओळखलंस तर पत्र न वाचताच घडी घालून उशाखाली सारशील, हे मला माहीत आहे. तू मक्केला गेलास त्याला चार वर्षं झाली. तुझी एक ओळ आली नाही आणि मीही पाठवली नाही. तेव्हा घडी घालण्यापूर्वी एवढं लक्षात घे की हे पत्र रुसवा काढायला लिहिलेलं नाही. काम निघालं आहे. ते करू शकेल असा, मक्केत राहणारा आणि आपल्या गावचा, एकच माणूस आहे. तो नेमका तू निघालास याला माझा इलाज नाही.

वडिलांनी बांधलेलं लांगार, वाडीचं नमाजघर, वाळवीनं खाल्लं. चारही खांब आतून पोकळ झाले आहेत. नमाजात कपाळ टेकून उठलं की पाठीवर भुसा पडलेला असतो. वाडीनं ठरवलं की छप्पर उतरवायचं, खांब नवे घालायचे, आणि सुतार घरचाच आहे तर तो दुलगनीच. मी हो म्हणालो. नावा बांधून बांधून हात अजून शाबूत आहेत. फक्त एक अट घातली. खांबांखालचे चार दगड वडिलांनी बसवले तसे ठेवणार नाही, खऱ्या किब्ल्याकडं, काब्याच्या दिशेला, फिरवीन.

यावर ओट्यावर काय झालं असेल ते तू डोळ्यांपुढं आणू शकतोस. रेसा, तोच जो माझ्या शेजारच्या नावेवर काम करतो आणि हातापेक्षा तोंडानंच जास्त रंधा मारतो, तो म्हणाला, "दुलगनी, आपल्याकडं केब्लात चार. पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण. तू पाचवा काढलास की काय?"

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण गोम त्या विनोदातच आहे. आपल्या बोलीत दिशेलाही केब्लात म्हणतात आणि नमाजाच्या किब्ल्यालाही केब्लातच. म्हणजे चारांतला एक निवडायचा. मक्का मावळतीकडं, म्हणून पश्चिम, संपलं. 'नमाजाला उभा राहिला' म्हणायच्या ऐवजी आपण 'पश्चिमेला वळला' म्हणतो. जेवताना मिठाची वाटी सरकवायलासुद्धा 'जरा उत्तरेला घे' म्हणणारी आपली माणसं, पण पश्चिम आणि उत्तर यांच्या मध्ये जागा असते हे त्यांच्या गळी उतरत नाही. मी सांगतो, पश्चिमेपासून उत्तरेकडं चोवीस अंश आणि बारा कला. हे मी सात वेळा काढलं आहे. सातही वेळा तेच आलं.

क्याई इमामपुरा हसले नाहीत. म्हातारा आता काठी टेकत येतो, पण इमाम म्हणून उभा राहिला की अजून ताठ. त्यांनी विचारलं, "हे तपासायचं कसं?"

मी सांगितलं. वर्षातून दोन दिवस असे येतात की भर माध्यान्ही सूर्य बरोबर काब्याच्या माथ्यावर येतो. तिथं त्या क्षणी रोवलेल्या काठीला सावली नसते. आणि त्याच क्षणी जगात जिथून जिथून सूर्य दिसतो, तिथं सूर्याकडं तोंड केलं की काब्याकडंच तोंड होतं. आपल्याकडं तेव्हा असरची नमाज उलटून गेलेली असते. दुपारचे चार वाजून सेहेचाळीस मिनिटं आणि एकेचाळीस सेकंद.

"तिथं सावली नसते, हे कुणी पाहिलंय?"

"जहाजाच्या डच पंचांगात सूर्याची रोजची क्रांती, तो किती उत्तरेला किती दक्षिणेला ते, दिलेली आहे, क्याई. त्यावरून—"

"म्हणजे डचांच्या पंचांगावरून मी किब्ला हलवू?"

"आकडे कुणाचे नसतात."

"म्हणूनच ते साक्ष देत नाहीत, दुलगनी. साक्ष माणूस देतो. तिथं उभ्या राहिलेल्या आपल्या माणसानं लिहून पाठवावं की काठीला सावली नव्हती. मग दगड फिरव, मी बोलणार नाही."

तर हे काम आहे. पहिला दिवस २४ रुवाह, शुक्रवार लेगी, रोजांच्या आधीच्या महिन्यातला. चंद्र दिसण्यावर तारीख एखाद्या दिवसानं हलेल, पण सातांतला शुक्रवार आणि पाच बाजारवारांतला लेगी हलणार नाही. एक हात लांबीची सरळ काठी घे. नजरेनं सरळ नको, ओळंबा लाव. दोऱ्याला शिसं बांधलं तरी पुरे. माध्यान्हीच्या आधी थोडा वेळ बघायला लाग. काय दिसलं ते लिही, आणखी दोघांच्या सह्या घे. पत्र इथं यायला दीड महिना. दुसरा दिवस १४ सावल, शुक्रवार क्लिवोन, म्हणजे एकोणपन्नास दिवसांनी. तुझी साक्ष त्याआधी आली तर त्या दिवशी मी सावलीवर दोरी मारून रेघ आखीन. नाही आली तर वाळवीच्या जागी नवे खांब उभे राहतील, ते जुन्याच तोंडानं, आणि पुढची तीस-चाळीस वर्षं त्यांना कुणी हात लावणार नाही. तोवर मी नसेन.

तुझ्या वहिनीनं सोबत तेरासीची वडी बांधली आहे. मी म्हणालो, सुक्या कोळंबीच्या त्या वासानं अख्खं जहाज माझ्या नावानं बोटं मोडेल. ती म्हणाली, "मोडू देत. पत्रावर त्याचा विश्वास बसायचा नाही. वासावर बसेल."

दुलगनी


कारंगवारू
गुरुवार पोन, ११ रजब १३०३

मुरसिद,

पहिलं पत्र मिळालं असणार. ज्या हाजीच्या हाती दिलं त्याचा निरोप आला की त्यानं ते तुझ्या हातात दिलं, तेरासीसह, आणि तू सलाम घेतलास पण काही बोलला नाहीस. ठीक आहे. मी दुसरं लिहितो, कारण पहिल्यात एक गोष्ट राहिली: काठी दगडी फरशीवर ठेवू नकोस, फरशी पाणी वाहून जायला उताराची असते. वाळूत रोव.

इकडचं सांगतो. छप्पर उतरवलं. वाडीची नमाज सध्या फणसाखाली, झापांच्या मांडवात होते. खांब तासून तयार आहेत. डोंगरातला साग, एकाही गाठीचा नाही. मी त्यांना रोज हात लावून येतो. तुझी वहिनी वागिनेम म्हणते, "पाकने, अहो, मुलीच्या लग्नात जावयाला इतकं निरखलं नव्हतंत." खरंच आहे. जावयात दोन गाठी निघाल्या.

या वर्षी माझा वेळांचा तक्ता अकरा लांगारांत लागला आहे. पूर्वी चार होते. पाच वेळच्या नमाजांच्या घटका, महिनावार, माझ्या हातानं काढलेल्या. सूर्याची उंची मोजायचं सागवानी तुर्ययंत्र अजून तेच, दोऱ्याचं शिसं तेवढं नवीन केलं. तुला आठवत असेल, ते कोरताना मी तीन पाट्या वाया घालवल्या होत्या आणि आईनं त्या चुलीत घातल्या होत्या. ही विद्या मला कुणी शिकवली नाही. वाळूवर फुटलेल्या जहाजातून एक भिजलेलं पंचांग मिळालं, त्यातले आकडे वाचायला बंदरातल्या कारकुनाकडून शिकलो, आणि अरबी कोष्टकं एका बुगी तांडेलाच्या वहीवरून उतरवून घेतली. शिकलेल्या माणसाला चुकलं तर गुरूचं नाव सांगता येतं. मला माझं एकच नाव आहे, म्हणून मी सात वेळा काढतो.

बाकी मी मजेत आहे. सकाळी नावेवर, दुपारी ओट्यावर कॉफी, ताडगुळाचा खडा दातात धरून. दर माध्यान्ही अंगणातल्या खुंटीपाशी जाऊन सावली मोजतो. गावात मला आता 'सावलीवाला' म्हणतात. आधी चिडवायला म्हणत, आता पत्ता सांगायला म्हणतात.

परवा रेसानं विचारलं, "काय रे, धाकट्याचं उत्तर?"

"येईल."

"आणि नाही आलं तर?"

"तर खांब तुझ्याच केब्लातावर घालीन."

तो रंधा थांबवून म्हणाला, "मग तुझ्याकडं बघवणार नाही रे आमच्यानं. पाचवा केब्लात झाला तरी चालेल, पण येऊ दे त्याचं उत्तर."

रेसाला असं बोलताना मी प्रथमच ऐकलं.

त्या दिवशी ओट्यावर आपल्यात जे झालं त्याबद्दल मी एवढंच म्हणेन की मी हिशेब सांगितला आणि तू उठून गेलास. घरी जेवायलाही आला नाहीस. आठवड्यानं तुझं जहाज सुटलं. हिशेब बरोबर होता.

हे इथवर वागिनेमला वाचून दाखवलं. तिनं तांदूळ पाखडता पाखडता विचारलं, "आणि ते लिहिलंत का?"

"काय ते?"

"जंगबारचं."

मी म्हणालो, कागद संपत आला आहे. संपत आलाच आहे.

दुलगनी


कारंगवारू
शनिवार पाइंग, २५ रुवाह १३०३

मुरसिद,

कालचा दिवस झाला. तू काल काठी रोवलीस की नाही हे मला कळायला अजून दीड महिना आहे, पण इथं काय दिसलं ते आजच लिहितो. आज आहे तसं उद्या लिहिलं जाणार नाही.

सकाळी ढग होते. मी दोन वेळा घरात गेलो आणि दोन वेळा बाहेर आलो. वागिनेम म्हणाली, "तुम्ही आत-बाहेर केल्यानं ढग जाणार असतील तर मीही येते." जुम्म्याची नमाज झाली आणि वारा फिरला. असरनंतर आभाळ धुतल्यासारखं.

लांगारच्या मोकळ्या जोत्याच्या पश्चिमेला चार हात उंचीची खुंटी रोवली होती. क्याई आले, रेसा आला, सात-आठ जण आले. घड्याळ मी माध्यान्हीच्याच सावलीवर लावून ठेवलं होतं. वेळ झाली तेव्हा सूर्य समुद्राच्या बाजूला कलून खाली आलेला, आणि खुंटीची सावली साडेपंधरा हात लांब, अंगणभर पसरलेली, वडिलांच्या चार दगडांच्या चौकटीला तिरकी कापत गेलेली. चोवीस अंश. गुण्या लावून बघायची गरज नव्हती, पण मी लावला.

क्याई सावलीच्या टोकाशी गेले आणि तिच्यावरून एकेक पाऊल टाकत खुंटीकडं चालत आले, तोंडावर ऊन घेत. मग म्हणाले, "आत्ता या घटकेला मुरसिदच्या डोक्यावर हाच सूर्य?"

"बरोबर डोक्यावर."

"आणि त्याला सावली नाही."

"हिशेबानं नाही."

रेसा म्हणाला, "आणि इथं पंधरा हात. धाकट्याची सगळी सावली थोरल्यानं खाल्ली म्हणायची."

कुणी हसलं नाही. तोही नाही.

आता दुसरी गोष्ट. काल सकाळीच, ढग बघत बसण्यापेक्षा बरं म्हणून, मी वडिलांचे दगड मोजले. मनात होतं की ते किती वाकडे आहेत ते आकड्यात लिहून ठेवावं. माध्यान्हरेषा आखलेली होतीच, तिच्याशी काटकोन काढला. मुरसिद, दहा हातांच्या लांबीत अर्ध्या बोटाचाही फरक नाही. होकायंत्राशिवाय. माझ्या तुर्ययंत्रानं मी काढलं असतं तर कदाचित एक बोट चुकलो असतो.

मी वागिनेमला विचारलं, वडिलांनी हे कसं केलं असेल. तिला माहीत होतं. शेवटच्या आजारपणात ती त्यांना पेज भरवायची तेव्हा त्यांनी तिला सांगितलं होतं. सूर्य सरळ उगवून सरळ मावळतो असे वर्षात दोन दिवस असतात, त्यांतल्या एका दिवशी दोन काठ्या रोवून, वाळूत पोटावर पालथं पडून, एक डोळा मिटून. मग सहा महिने थांबले, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं, आणि मग दगड बसवले. सहा महिने थांबले. आणि मला वाटायचं, या घरात मोजणारा मी पहिला.

वडील चुकले नाहीत. त्यांना पश्चिम दाखव म्हटलं होतं, त्यांनी या किनाऱ्यावर कुणाला दाखवता आली नसती अशी पश्चिम दाखवली. चुकला तो शब्द.

आता जे दोन पत्रांत लिहिलं नाही ते. त्या दिवशी ओट्यावर मी नुसता हिशेब सांगितला नव्हता. वडील खांबाला टेकून बसले होते, वाडीतले वीसेक जण होते, आणि माझ्या हातात तांडेलाचा नकाशा होता, ज्यात आपल्या सरळ पश्चिमेला आफ्रिकेचं जंगबार दिसतं. तू म्हणालास, "कांग, वडिलांनी चाळीस वर्षं इथं नमाज पढली, ती काय वाया गेली?" मी म्हणालो, "वाया कशाला? जंगबारला पोचली." लोक हसले. हसू मला हवं होतं म्हणूनच मी ते बोललो. तू उठलास ते माझ्या आकड्यावरून नाही, हे मला तेव्हाही कळलं होतं. चार वर्षं मी 'हिशेब बरोबर होता' हे वाक्य घासून गुळगुळीत केलं.

आणि हिशेबही बरोबर नव्हता. परवा पुन्हा मांडून बघितला. इथून सरळ पश्चिमेला तोंड केलं तर रेघ पृथ्वीच्या गोलाईनं वळत जाते आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याला जंगबारच्या चार अंश उत्तरेला लागते. म्हणजे वडिलांना लोकांत खाली बघायला लावण्यासाठी मी जी थट्टा केली तीसुद्धा चार अंशांनी चुकीची होती.

वडील तेव्हा उठले. चटई काखेत मारून घरी गेले. तू गेल्यावर दहा महिन्यांनी वारले, हे तुला कळवलं गेलं. कळवलं क्याईंनी, मी नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, "किती म्हणाला होतास?"

"चोवीस अंश. वर बारा कला."

"बारा कला," ते म्हणाले, आणि मग, "पण मला आईशेजारी, तिच्यासारखाच ठेव. ती वाट चुकली असेल तर दोघं मिळून चुकू."

कबर खणताना लोक माझ्या हातातल्या दोरीकडं बघत होते. मी दोरी खिशात ठेवली. ते आईशेजारी आहेत, तिच्याशी समांतर, तोंड सरळ पश्चिमेला. माझ्या आयुष्यात मी एकदाच मोजलं नाही, ते तिथं.

काल संध्याकाळी मी क्याईंना सांगितलं की साक्ष आली तरी दगड फिरवणार नाही. ते म्हणाले, "मग इतकं कशासाठी केलंस?"

"दगड राहू देत वडिलांचे. आत जमिनीवर रांगांच्या रेघा तिरक्या मारू. भिंती पश्चिमेला, माणसं काब्याला."

क्याईंनी काठी दोनदा जमिनीवर आपटली. "हे चालेल. दगडांना कुठं नमाज पढायची असते. पण साक्ष मला हवीच हां."

म्हणून तुझं पत्र अजून हवं आहे. क्याईंना हवं आहे. मलाही.

थोरला


कारंगवारू
शनिवार लेगी, १५ सावल १३०३

मुरसिद,

तुझं पत्र बुधवारी आलं. शुक्रवारला दोन दिवस राहिले होते. सेमारांगहून आलेल्या होडीवाल्यानं ते मीठभरल्या पिंपावर ठेवून आणलं, कोपरा भिजला होता, अक्षर शाबूत. मी नावेच्या पोटात आडवा होऊन सांधे भरत होतो. रेसानं वरून पाय धरून मला बाहेर ओढलं. "सावलीवाल्या, ऊठ. तुझी नसलेली सावली आली."

हात डांबरानं भरलेले, म्हणून रेसानंच पत्र उघडून धरलं. त्याला वाचता येत नाही, तरी डोळे फिरवत होता. तू लिहिलेलं मी मोठ्यानं वाचलं: 'शुक्रवार लेगी. काठी एक हात, वाळूत, ओळंब्यानं सरळ. माध्यान्हीला सावली नव्हती. मी शोधली. काठीच्या बुडाशी एक मुंगी होती, तिलाही नव्हती.' खाली देमाकच्या आणि पालेंबांगच्या दोघांच्या सह्या. रेसा म्हणाला, "मुंगीचं लिहिलं म्हणजे खरंच पाहिलंय."

पुढचं मी एकट्यानं वाचलं. ते इथं पुन्हा उतरवून काढतो, म्हणजे मला नीट समजलं की नाही ते तुला तपासता येईल. तू लिहितोस की मक्केत पोचलास त्या दिवशी गर्दीनं ढकलत ढकलत तुला काब्याच्या मावळतीच्या बाजूला नेलं. बांग झाली, तू सवयीनं शेजाऱ्याला विचारलंस, पश्चिम कुठं? तो आधी समजलाच नाही, आणि समजला तेव्हा हसून त्यानं तुझे खांदे धरून तुला वळवलं. समोर काबा, हाताच्या अंतरावर म्हणावा असा, आणि तुझं तोंड पूर्वेला. जन्मात पहिल्यांदा पूर्वेला तोंड करून तू नमाज पढलास, आणि पढता पढता तुला हसू आलं आणि मग दुसरं काही आलं. 'कांग, त्या दिवशीच मला कळलं की केब्लात चार नसतात. तिथं माणसं गोल उभी राहतात, जितकी माणसं तितके केब्लात. हे कळवायला मला चार वर्षं लागली. जंगबार मी विसरलो नव्हतो.'

आणि शेवटी: 'हाजी लोक सांगतात, तू वडिलांना तिरकं पुरलंस. तसं असेल तर ते हिशेबानं बरोबर असेल. त्यावर माझी तक्रार नाही.'

मुरसिद, हे लिहिताना तुझ्या मनात काय होतं ते मी ओळखू शकतो, आणि याचं उत्तर मी तू विचारण्याआधीच दिलं आहे. तुझं पत्र इकडं येत होतं तेव्हा माझं तिकडं निघालेलं होतं. समुद्रात कुठंतरी ती एकमेकांच्या शेजारून गेली असतील. माझं आता तुझ्या हातात पडलं असेल. ते वाच. हाजी लोकांचं ऐकू नकोस.

काल शुक्रवार क्लिवोन. क्लिवोनच्या शुक्रवारी काही नवीन करू नये, असं दोन म्हाताऱ्या सांगून गेल्या. क्याई त्यांना म्हणाले, "नवीन नाही हो, फार जुनं आहे." नवे खांब वडिलांच्या दगडांवर उभे आहेत, छप्पर चढलं आहे, भिंती अजून घातल्या नाहीत, त्यामुळं ऊन आत येतं. चार वाजून सेहेचाळीस मिनिटांनी खुंटीची सावली जमिनीवर पडली आणि मी कोळशाच्या दोरीचं एक टोक रेसाच्या हातात दिलं. त्यानं अंगठ्यानं घट्ट दाबलं. मी दोरी उचलून सोडली. एकच रेघ. मग तिला काटकोनात रांगांच्या रेघा, अडीच-अडीच हातांवर.

क्याईंनी तुझं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं, सह्यांसकट, मुंगीसकट. मग पहिल्या रेघेपुढं जाऊन तिरके उभे राहिले. आम्ही मागं उभे राहिलो. पहिल्या दिवशी सगळ्यांचे पाय चुकले. सवयीनं भिंतीकडं वळत होते, मग खाली रेघ बघून सरकत होते. नमाज संपल्यावर रेसा म्हणाला, "मान दुखली रे. चाळीस वर्षांची सवय आणि तू एका दुपारी चोवीस अंश मागतोस."

"वर बारा कला."

"त्या उद्यापासून."

तुझी वहिनी विचारते, तेरासी खाल्लीस की नाही, ते तू लिहिलं नाहीस. तू लिहिलं नाहीस ते आणखी एक. येणार की नाही. मी विचारत नाही. इतकी वर्षं मी तुला सांगत आलो आणि तू ऐकत आलास, आता मोजलेलं तेवढं सांगतो आणि थांबतो.

चौकोनी खोलीत रांगा तिरक्या मारल्या की कोपऱ्यांत तुकडे उरतात. पुढचा, वायव्येचा कोपरा इमामाच्याही पुढं जातो, तिथं कुणी उभं राहू शकत नाही. तिथं पाण्याचा माठ ठेवला. मागचा आग्नेयेचा कोपरा, जिथं आपण लहानपणी उशिरा येऊन बसायचो आणि मागून एकमेकांच्या टोप्या ओढायचो, तिथं शेवटची रांग येते. मी ती मोजली. सव्वादोन हात आणि दोन बोटं. म्हणजे दोन माणसं, खांद्याला खांदा लावून, तिसरा नाही.

काल नमाजानंतर सगळे गेल्यावर मी तिथं उभा राहून पाहत होतो. क्याईंनी दारातून हटकलं. "दुलगनी, तिथं एकट्यानं नमाजाला उभं राहायचं नाही. रांगेत एकटा माणूस योग्य नाही. पुढच्या रांगेत ये."

मी पुढच्या रांगेत आलो. मागची ती दोन माणसांची रांग रिकामी आहे.

थोरला